ट्रकचा टर्बो, होडीचा पंखा : रबाळ्याच्या गाळ्यातल्या नोंदी

काम असं: १४ फुटी फायबरची होडी, ट्रकच्या टर्बोचार्जरपासून बनवलेलं गॅस टर्बाइन, त्याच्या मागे दुसरं मोकळं टर्बाइन (पहिल्याच्या शाफ्टला न जोडलेलं, नुसत्या गॅसवर फिरणारं) आणि त्यावरून जुन्या आउटबोर्डच्या (होडीच्या मागे लटकवायच्या इंजिनाच्या) पायाला फिरणारा पंखा. टर्बाइन कसं चालतं ते इथे नाही. काय बिघडलं, का बिघडलं आणि किती पैसे गेले, एवढंच आहे. धडधडत्या ज्वाळेचे व्हिडिओ सगळीकडे मिळतात. ज्वाळा पेटवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे.

१२ नोव्हेंबर

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून टर्बो आणला, ₹६,५००. सहा सिलिंडरच्या डिझेल ट्रकचा. कॉम्प्रेसरच्या चाकाचं तोंड (इंड्यूसर) व्हर्नियरने ५४ मिमी, टर्बाइनच्या हाउसिंगवर १२ चौ. सेमीचा शिक्का, म्हणजे आतली गॅसची वाट तेवढी. हा शिक्का लिहून ठेवा, पुढे सगळा हिशोब त्यावर आहे.

याआधी दोन टर्बो परत केले. एकाच्या कॉम्प्रेसर चाकाची पाती मागच्या बाजूने चिरलेली होती. दुसऱ्याचं चाक हाउसिंगला घासत होतं. दुकानदार शाफ्ट आडवा हलवून दाखवतो आणि "बघा, प्ले नाही" म्हणतो. आडवा प्ले (सैलपणा) थोडा असतोच, कारण बेअरिंग तेलावर तरंगतं. बघायचा तो पुढे-मागे. डायल गेज लावून ०.१ मिमीच्या वर गेला तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) गेलंय असं धरा.

उघडल्यावर तेलाच्या भोकात कोळसा निघाला. किट ₹२,२००, बॅलन्सिंग ₹१,५००. उघडण्याआधी चाक, नट आणि शाफ्ट तिन्हींवर एका रेषेत खूण करा, नाहीतर बॅलन्स गेला. आमच्या नटाला उलटे आटे होते. ते कळायच्या आधी आम्ही त्याच्यावर बराच जोर लावला होता, शाफ्ट वाचला हे नशीब.

२६ नोव्हेंबर

कंबस्टर, म्हणजे इंधन जळतं ती टाकी. हौशी लोकांत चालणारा ठोकताळा धरला: आतल्या नळीचा व्यास इंड्यूसरच्या दुप्पट, लांबी सहापट आणि सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ इंड्यूसरच्या तोंडाएवढं. म्हणजे नळी १०८ मिमी, लांबी ३२४ मिमी, भोकं एकूण २,२९० चौ. मिमी. त्यातली ३० टक्के ज्वाळेच्या मुळाशी (६ मिमीची २४), २० टक्के मध्ये (८ मिमीची ९), उरलेली ५० टक्के टोकाला (१३.५ मिमीची ८). बाहेरची टाकी ६ इंची पाइपची, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेली.

आतली नळी घाईत ३०४ स्टेनलेसची केली, कारण जास्त उष्णता सोसणाऱ्या ३१० चा पत्रा मिळायला आठवडा लागणार होता. तो आठवडा थांबायला हवं होतं.

भोकं पाडल्यावर आतल्या बाजूची बर (कडेला उरलेले धातूचे काटे) काढायला एक अख्खी संध्याकाळ गेली. ती काढावीच लागते. सुटलेला कण थेट टर्बाइनच्या पात्यावर जातो.

८ डिसेंबर

पहिला दिवस आगीचा, खरं तर धुराचा.

तेल ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, १२ व्होल्टचा गिअर पंप, दाब ३ बार. पेटवायला एलपीजी आणि मोटरसायकलची कॉइल व प्लग, हवा द्यायला पानं उडवायचा ६०० वॅटचा ब्लोअर. घरगुती गॅसचा रेग्युलेटर लावला तर ज्वाळा लागून विझायची. तो रेग्युलेटर जेमतेम ३० मिलिबार देतो. कंबस्टरमध्ये त्याहून जास्त दाब झाला की गॅस आत जातच नाही. जास्त दाबाचा रेग्युलेटर लावल्यावर लगेच पेटलं.

मग पांढऱ्या धुराने गाळा भरला. शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर आले. तेल दोन्हीकडच्या सीलमधून गळत होतं. आधी वाटलं, नवं किट बोगस आहे. दोन दिवस त्यात गेले, टर्बो पुन्हा उघडला, रिंगा ठीक होत्या. दोष निघाला परतीच्या नळीत. ती आम्ही १२ मिमीची घेतली होती आणि फ्रेमच्या आड येऊ नये म्हणून हातभर आडवी नेली होती. टर्बोतून तेल फेसाळून बाहेर येतं आणि फक्त वजनाने खाली पडतं. त्याला रुंद आणि उतरती वाट लागते. २५ मिमीची होज, टर्बोपासून सरळ खाली, टाकीतल्या तेलाच्या पातळीच्या वर सोडलेली, एवढं केल्यावर धूर बंद झाला. सील कधीच खराब नव्हते. टर्बोचं ते सील म्हणजे पिस्टन रिंगसारखी एक कडी असते, ती साचलेलं तेल अडवू शकत नाही.

१५ डिसेंबर

डिझेलवर आलो. लागणारं इंधन मोजलं तर पूर्ण जोरावर ताशी १९ लिटरच्या आसपास, आयडलला ७. नागदेवी स्ट्रीटवरून बर्नरची नोझल आणली, एक २ आणि एक ३ गॅलनची (७ बारवर ताशी, अमेरिकन गॅलन), ₹९०० ला एक. पहिल्याने आयडल, दुसऱ्याने जोर असा बेत होता.

बेत फसला. नोझल ४ बारच्या खाली फवारत नाही, थेंब टाकतं. त्यामुळे दुसरं उघडलं की इंधन एकदम दुप्पट व्हायचं, एक्झॉस्टचं तापमान ८०० च्या वर आणि कॉम्प्रेसर भक-भक करायला लागायचा. ती भक-भक म्हणजे हवा उलटी फिरतेय. दोन सेकंदांच्या वर होऊ देऊ नका, थ्रस्ट बेअरिंग खाते.

आता तीन नोझल आहेत: २, १.५ आणि १.५ गॅलन. तिन्हींना एकच दाबाची लाइन, प्रत्येकाला वेगळा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह). एका नोझलवर दाब ४ वरून १२ बारपर्यंत वाढवायचा, मग दुसरं उघडताना दाब ५ वर आणायचा, पुन्हा वाढवायचा. गिअर बदलल्यासारखं आहे, पण उडी बसत नाही. हे आकडे कंबस्टरमधल्या दाबाच्या वरचे आहेत, पंपाला त्यात सव्वा बार जास्त द्यावा लागतो.

त्याच दिवशी आतली नळी बाहेर काढली. एका बाजूला लाल होऊन आत दबलेली, समोर काजळीचा डोंगर. ८० अंशांचा फवारा १०८ मिमीच्या नळीत भिंतीवर जात होता. ६० अंशांची नोझल घेतली आणि नळी या वेळी ३१० ची, १.२ मिमी पत्र्याची. ₹३,४०० दुसऱ्यांदा खर्च.

आणखी एक: न पेटता आत साचलेलं डिझेल पुढच्या वेळी एकदम पेटतं आणि मागून दोन हात लांब ज्वाळा येते. टाकीच्या तळाला २ मिमीचं भोक पाडून नळीने डबा लावला. प्रत्येक फसलेल्या स्टार्टनंतर डबा बघायचा, थेंब थांबेपर्यंत पुन्हा प्लग द्यायचा नाही.

२९ डिसेंबर

मागे नुसतं ५२ मिमीचं नोझल लावून जेट म्हणून चालवलं. कंबस्टरचा दाब १.२ बार, ट्रॉलीला काटा बांधून जोर मोजला: ७.५ किलो. आवाज एवढा, की कानात प्लग आणि वर मफ असूनही कुणाला बोलता येत नव्हतं.

आकडा मुद्दाम लिहितोय. "मागे जेट लावा आणि होडी पळवा" असं सांगणारे खूप भेटतात. ताशी १९ लिटर जाळून ७.५ किलो. हळू चालणाऱ्या होडीला थोडी हवा जोरात मागे फेकून उपयोग नाही, भरपूर पाणी सावकाश ढकलावं लागतं. म्हणून पंखा, आणि म्हणून पुढचे चार महिने.

१२ जानेवारी

मोकळं टर्बाइन, पहिला प्रयत्न. पहिल्यासारखाच दुसरा टर्बो घेतला, हाउसिंग १८ चौ. सेमी, कॉम्प्रेसरचं चाक काढून टाकलं. पहिल्याच्या एक्झॉस्टला थेट जोडला.

चाललं नाही. दाब ०.५ बारच्या वर जाईना, तापमान मात्र ८०० ला भिडलं, इंधन वाढवलं की भक-भक. पहिल्या टर्बाइनमधून बाहेर येईपर्यंत गॅसचा दाब सव्वा बारच्या आसपास (निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा एक बार धरून; बाकीचे आकडे तो सोडून आहेत) उतरलेला असतो, म्हणजे तोच गॅस आता बराच फुगलेला असतो. त्याला १८ ची वाट अरुंद पडते, तो मागे तुंबतो आणि पहिलं टर्बाइन गुदमरतं. बसून आकडे मांडले तर दुसऱ्याचं हाउसिंग पहिल्याच्या २.२ पट निघालं. १२ ला २६. हे कागदावर आधी केलं असतं तर ₹७,००० आणि तीन आठवडे वाचले असते.

२ फेब्रुवारी

२६ चौ. सेमीचा टर्बो मिळाला, मोठ्या जनरेटरचा, ₹११,०००. टर्बाइनचं चाक ९० मिमी. जोडल्याबरोबर दाब १.२ बार, एक्झॉस्ट ६५० च्या आत. एकही भक नाही.

कॉम्प्रेसरचं चाक नसल्यामुळे त्याचा उलट्या दिशेचा रेटाही नसतो. सगळा भार थ्रस्ट बेअरिंगच्या एकाच तोंडावर येतो. मूळचं २७० अंशांचं होतं, पूर्ण गोल ३६० अंशांचं घातलं. आणि चाक काढलं की शाफ्टवर तेवढ्याच लांबीची नळी घालून नट कसावाच लागतो, नाहीतर आतले स्पेसर सैल राहतात.

जोडणीच्या पाइपला आधी फ्लँज टू फ्लँज कडक वेल्डिंग केलं होतं. गरम झाल्यावर पाइप लांबतो आणि दुसऱ्या टर्बोला ढकलतो. मध्ये स्टेनलेसचा बेलो (लवचिक, घड्यांची नळी) घातला. दोन टर्बोंच्या फ्रेममध्ये एकाच्याच बोल्टची भोकं गोल ठेवा, दुसऱ्याची लांबट.

१६ फेब्रुवारी

मोकळं टर्बाइन मिनिटाला ३३,००० फेऱ्यांवर धरलंय. आउटबोर्डच्या पायाला वरून ५,५०० लागतात, पायातले गिअर त्याचे २,६४० करून पंख्याला देतात. मधली सहापट घट पट्ट्याने: जे सेक्शनचा १२ रिबचा पट्टा, छोटी पुली २२ मिमी (ईएन२४ पोलाद), मोठी १३२ मिमी अॅल्युमिनियम. पट्ट्याचा वेग सेकंदाला ३८ मीटर येतो, तो झेपण्यातला आहे. गिअरबॉक्स बनवून घ्यायची चौकशी केली होती, एमआयडीसीत सांगितलेला भाव पूर्ण होडीपेक्षा जास्त होता.

छोटी पुली सरळ टर्बोच्या शाफ्टवर बसवली होती. अकरा मिनिटांत बेअरिंग गेलं. पट्ट्याचा ओढा ३५–४० किलो, तोही टोकाला लटकलेला, आणि टर्बोचं तरंगतं बेअरिंग असल्या आडव्या ओढ्यासाठी नसतंच. चाक हाउसिंगला लागलं, तीन पात्यांची टोकं घासली. नवीन चाक-शाफ्ट ₹४,८००.

उपाय: पुलीला तिची स्वतःची बैठक. ७००२ नंबरची अचूक प्रतीची अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं, जोडी ₹६,२००, थेंब-थेंब तेल. टर्बोचा शाफ्ट आणि पुली यांच्यात ६ मिमी जाडीची, ६० मिमी लांबीची बारीक शाफ्ट, दोन्ही टोकं चौकोनी आणि किंचित सैल. ती फक्त पिळा देते, ओढा देत नाही. रेषेत आणायला ०.०२ मिमीपर्यंत जावं लागलं, डायल घेऊन पूर्ण दिवस. साधी बाजारू बेअरिंगं घालून बघू नका, या फेऱ्यांवर ती तासभरही टिकत नाहीत.

पट्टा घसरतही होता. दोन पुलींच्या केंद्रांतलं अंतर १४० मिमी ठेवलं होतं, छोट्या पुलीला मिठी कमी पडत होती. २०० केलं, थांबलं.

९ मार्च

सगळ्यात धोकादायक दिवस. नीट वाचा.

आउटबोर्डचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये, टर्बाइन ०.४ बारवर. कुणीतरी सवयीने पाय न्यूट्रलला टाकला. पिस्टनच्या इंजिनाला न्यूट्रल म्हणजे विसावा. मोकळ्या टर्बाइनला न्यूट्रल म्हणजे लगाम सुटणं. त्याच्यावर भार नाही, मागून गॅस येतोच आहे, फेऱ्या वाढतच जातात. पट्टा उडाला, तेलाची होज कापून गेला, गरम एक्झॉस्टवर तेल, आग. कोरड्या पावडरचा सिलिंडर हाताशी होता, वीस सेकंदांत विझली. पूर्ण जोरावर असतं तर चाकच फुटलं असतं.

त्यानंतर केलेल्या गोष्टी. न्यूट्रलची जागा लिव्हरमध्ये पट्टी वेल्ड करून कायमची बंद. मोठ्या पुलीवर फेऱ्या मोजायला लोहचुंबक आणि पिकअप. ६,२०० फेऱ्या झाल्या की तिन्ही सोलेनॉइड बंद, पुन्हा हाताने चालू केल्याशिवाय उघडत नाहीत. दोन्ही चाकांच्या फिरण्याच्या रेषेत ३ मिमी लोखंडी पत्र्याचं कडं, आणि त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तेलाच्या होजा स्टेनलेसची जाळी असलेल्या, पट्ट्यापासून दूर.

न्यूट्रल नाही तर थांबायचं कसं? मोठ्या पुलीच्या शाफ्टवर सायकलची डिस्क ब्रेक, १६० मिमीची, ₹१,२००. आयडलला ब्रेक दाबला की मोकळं टर्बाइन जागच्या जागी थांबतं, गॅस त्याच्यातून नुसता वाहून जातो, पुढचं टर्बाइन मजेत चालू राहतं. थांबलेलं असतानाच पुढे किंवा मागे टाकायचं, मग ब्रेक सोडायचा. आधी गिअर टाकताना कडाड आवाज यायचा तोही गेला. या सबंध प्रकल्पात स्वस्त आणि सगळ्यात शहाणा भाग हाच. टर्बाइन उलटं फिरत नाही ही अडचणही आउटबोर्डच्या पायामुळे आपोआप सुटली.

२३ मार्च

होडीत बसवणी. दोन्ही टर्बो, कंबस्टर आणि फ्रेम मिळून ४६ किलो. बॅटरी १२ व्होल्ट १०० अँपिअर-तास, ती नाळेकडे (पुढच्या टोकाला) ठेवली, नाहीतर मागची फळी पाण्याला टेकते. तेलाची आणि इंधनाची टाकी मध्ये.

एलपीजी इथे काढून टाकला. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर होडीच्या तळाशी साचतो आणि तिथून कुठे जात नाही. त्याऐवजी औद्योगिक बर्नरचा इग्निशन ट्रान्सफॉर्मर, दोन इलेक्ट्रोड, इन्व्हर्टरवर. पहिल्या नोझलला ७ बार दिले की थंड डिझेल सरळ पेटतं. प्लगपेक्षा हे दहापट बरं, गाळ्यातही पहिल्या दिवसापासून हेच वापरायला हवं होतं.

उष्णता: एक्झॉस्टपासून एक वीत अंतरावरचा फायबर पाच मिनिटांत तपकिरी झाला आणि वास सुटला. आता २५ मिमी सिरॅमिक वूल, त्यावर स्टेनलेसचा पत्रा आणि पत्रा व फायबर यांच्यात दोन बोटं मोकळी हवा. ती मोकळी हवाच खरं काम करते. आधी वूल थेट फायबरला चिकटवली होती, पत्र्याची धग आतून पोचतच राहिली.

एक्झॉस्ट पाण्यात सोडून आवाज कमी करावा असं सगळ्यांच्या मनात येतं. आम्ही ९० अंशांचा एक बेंड आणि छोटा सायलेन्सर लावून बघितला, तेवढ्यानेच मोठ्या पुलीच्या फेऱ्या बऱ्याच खाली आल्या. मोकळ्या टर्बाइनला मिळणारा दाबाचा फरकच इतका तोकडा आहे, की मागे जरा अडवलं की उरतं काय? सरळ वर जाणारी, शेवटी रुंदावणारी चिमणी ठेवली.

६ एप्रिल

दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर, होडी दोराने खांबाला बांधून. रबाळ्याहून ऐरोली जवळ पडते, पण ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि एप्रिलमध्ये पक्षी तिथेच असतात. हा आवाज घेऊन तिकडे फिरकायचं नाही. इंजिन बदललेली होडी खाडीत सोडण्याआधी मेरीटाइम बोर्डाकडे विचारणा करा, आम्ही बांधूनच सुरुवात केली.

भांगाची भरती मुद्दाम निवडली, पाण्याला ओढ कमी. जेट्टीवरच्या नाखवांनी चिमणीकडे बघून विचारलं, "काय, भाकऱ्या भाजायच्या काय हिच्यावर?"

खेच ३४ किलो, कंबस्टरचा दाब ०.७ बार. त्याच्या वर जाता आलं नाही, कारण तेलाचं तापमान ११० वर गेलं. तेलाच्या कूलरला थंड पाणी आउटबोर्डच्या पायातला पंप देतो, आणि दिवाळ्याचं पाणी म्हणजे पातळ चिखल. कूलरच्या ४ मिमीच्या वाटा गाळाने भरल्या होत्या, पंपाचं रबरी चाक एका दिवसात झिजलं. नळीवाला कूलर सोडून दिला. होडीच्या तळाला बाहेरून ३ मीटर तांब्याची १२ मिमी नळी वळवून लावली, तेल तिच्यातूनच फिरतं. आत चिखल जायचा प्रश्नच नाही. टर्बाइन ब्रेकवर थांबलेलं असताना पायातला पंपही थांबतो, ती अडचणही गेली.

प्लास्टिकची पिशवी पंख्यात दोनदा अडकली. आउटबोर्ड असता तर इंजिन बंद पडलं असतं. इथे मोकळं टर्बाइन थांबलं, बाकी सगळं चालू, पंख्याची पिन तुटली नाही. ब्रेक लावला, इंधन बंद केलं, पिशवी काढली. इंधन बंद न करता पंख्याला हात लावायचा नाही, सायकलच्या ब्रेकवर बोटं सोडू नयेत.

१३ एप्रिल

तांब्याच्या नळीनंतर तेल ८५ वर स्थिर. दाब १.२ बार, खेच ४६ किलो. पंखा बदलला: त्याच व्यासाचा, पण पिच (एका फेरीत पंखा पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) एका इंचाने कमी. ५५ किलो. आधीच्या पंख्यावर मोठी पुली ४,६०० च्या वर जात नव्हती, आता ५,४०० ला पोचते. मोकळं टर्बाइन कमी फेऱ्यांवरही चांगला पिळा देतं, त्यामुळे चुकीचा पंखा लागलाय हे पिस्टन इंजिनासारखं आवाजावरून कळत नाही. फेऱ्यांचा मीटर लावा.

७.५ किलोचे ५५ झाले, तेवढ्याच डिझेलवर.

कॉम्प्रेसरच्या पात्यांवर पांढरा थर दिसला, खारट. तोंडावर फोम आणि खाली वळवलेला हवेचा पाइप लावला. दर वेळी घरी आल्यावर ब्लोअरने थंडच फिरवून आरओच्या पाण्याची पाव लिटर फवारणी, मग पाच मिनिटं सुकवणं. नळाचं पाणी नको, त्याचे क्षार पात्यांवरच बसतात.

४ मे

पहिली मोकळी धाव, दोन माणसं, सोबत एक नाखवांची होडी. जीपीएसवर ताशी १० किमी. १४ फुटी होडी पाण्यावर उचलली जात नाही तोवर याच्या फार पुढे जात नाही, आणि आपल्याकडे उचलायला पुरेसा जोर नाही. १० मिनिटांत ३.२ लिटर डिझेल गेलं. ८ अश्वशक्तीचा साधा आउटबोर्ड एवढंच काम ताशी तीनेक लिटरवर करतो, आणि त्याचं वजनही आपल्या सांगाड्यापेक्षा कमी असतं. हे माहीत असूनच सुरुवात केली होती, पण आकडा डोळ्यांसमोर आला की टोचतो.

आयडलला ताशी ७ लिटर जातात, नुसतं उभं राहायला. मोठ्या जहाजांवरही टर्बाइन हळू चालवणं महागच पडतं. माझगाव डॉकने बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटांवर एलएम२५०० टर्बाइनं फक्त वेगासाठी आहेत, एरवी डिझेल इंजिनं चालतात. आपल्या होडीत जेट्टीजवळची हालचाल वल्ह्यानेच करायची असं ठरलं.

एका मोठ्या बोटीच्या लाटेवर पंखा पाण्याबाहेर आला. ६,२०० ला ट्रिप लागली, इंधन बंद. मार्चमध्ये लावलेलं ते यंत्र नसतं तर काय, हे इथे लिहीत नाही. फक्त एक सुधारणा: ट्रिप लागल्यावर तेलाचा पंप मात्र बंद होता कामा नये. आमचा एकाच रिलेवर होता, दोन्ही बंद झाले. शाफ्ट बिनतेलाचा थांबला. आता तेलाच्या पंपाला वेगळी वायर, वेगळा फ्यूज, आणि बंद केल्यावर पाच मिनिटं तेल व ब्लोअर चालू. नाहीतर गरम टर्बाइनची धग बेअरिंगमध्ये येते आणि तेलाचा कोळसा होतो, तोच जो कुर्ल्याच्या टर्बोत निघाला होता.

१८ मे

पावसाआधी सगळं उघडलं. एकूण चालणं ६ तास ४० मिनिटं. आतली नळी (३१०) सरळ, फक्त निळसर. पहिल्या टर्बोचं थ्रस्ट बेअरिंग ठीक, पुढे-मागे प्ले ०.०७. मोकळ्या टर्बाइनच्या बाजूचं एक तरंगतं बेअरिंग रेघा पडलेलं, ४ मे च्या बिनतेलाच्या थांबण्याचा प्रसाद. बारीक शाफ्टच्या चौकोनी टोकांना कडा गोल झाल्यात. पुढची जोडी हार्डन करून घ्यायची. पट्टा बदलला, रिबच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या. पट्टा तीन तासांनी बदलायची वस्तू आहे असंच धरा.

खर्च, होडी आणि आउटबोर्डचा पाय सोडून: ₹१,३८,०००. त्यातले ₹३१,००० चुकांचे, म्हणजे १८ चा टर्बो, जळालेली नळी, घासलेलं चाक, गाळाने भरलेला कूलर आणि आगीत गेलेल्या होजा-वायरिंग. लेथवाल्याचे ₹२२,०००, आणि तो प्रत्येक वेळी "हे शेवटचं ना?" विचारायचा. डिझेलही गेलं, त्यातलं बरंचसं गाळ्यात उभ्याउभ्या जळालं.

दोन्ही टर्बोंमध्ये तेल भरून शाफ्ट हाताने फिरवला, तोंडांना लाकडी झाकणं लावली, चिमणीवर पत्र्याचा डबा उलटा घातला. तांब्याची नळी होडीच्या तळाला तशीच आहे. होडी उलटी ठेवायची असेल तर आधी नळीतलं तेल काढा, आम्ही नाही काढलं आणि गाळ्याची फरशी अजून निसरडी आहे.